जावामधली कोबीची अळी आणि शेतीशाळेचा इतिहास

शेतकरी प्रशिक्षणाचा इतिहास वाचायला घेतला की बहुतेक अहवाल १९८९ पासून सुरू होतात. इंडोनेशियात भातासाठी शेतीशाळा सुरू झाल्या ते हे वर्ष. पण तुमचा विषय भाजीपाला असेल तर थोडं मागे जा, १९५० पर्यंत.

त्या वर्षी न्यूझीलंडहून डायडेग्मा नावाची बारीक परोपजीवी माशी जावाच्या डोंगराळ भागात आणली गेली. ती कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीत अंडं घालते. अळी कोष विणते खरी, पण बाहेर पडते माशी! आता गंमत बघा. १९५३ मध्ये अँकरस्मिट यांनी नोंदवलं, की जावात याच पतंगावर डीडीटी चालेनासं झालंय. म्हणजे अळी औषधाला पुरून उरत होती आणि तिला मारणारी माशी मात्र फवाऱ्यात मरत होती.

ही माशी शेतकऱ्याला का दिसली नाही? 'अज्ञान' हे उत्तर फार सोपं आहे. काही मिलिमीटरची माशी, आणि तिचं काम अळीच्या पोटात चालणारं. सांगितल्याशिवाय कुणाला दिसणार? शेतीशाळेने नेमकं हेच दाखवायचं ठरवलं. पंचवीसेक शेतकरी, आठवड्यातून एकदा, अख्खा हंगाम. शेतात जाऊन किडी मोजायच्या, कागदावर मधोमध रोपाचं चित्र काढायचं, एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, आणि मग फवारायचं की नाही यावर वाद घालायचा. अळ्या बरणीत ठेवायच्या आणि काय बाहेर येतं ते बघायचं.

याचा उपयोग झाला का? २००४ मध्ये फेडर, मुरगई आणि क्विझॉन यांनी लिहिलं, की इंडोनेशियात उत्पादनावर किंवा कीटकनाशकांच्या वापरावर ठळक परिणाम दिसत नाही. २००७ मध्ये वान डेन बर्ग आणि जिगिन्स यांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा चित्र बरंच आशादायक निघालं.

कोण बरोबर, हे विचारण्याआधी पीक बघा. फेडर यांचा अभ्यास भाताचा. भातावर १९८६ मध्येच सरकारने ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली होती, पुढे अनुदानही काढलं. त्यामुळे प्रशिक्षणाचा परिणाम धोरणाच्या परिणामापासून वेगळा काढणं मुळातच अवघड. ती बंदी कोबीला लागू नव्हती. म्हणून भाताचा निष्कर्ष सरसकट भाजीपाल्याला लावलेला दिसला, की मी समासात पेन्सिलीने खूण करते आणि मूळ तक्ता उघडते.