शिंदीचीं झाडें आणि शिंदी पिणारा माणूस

सोलापूरचें नांव निघालें कीं मार्शल लॉचें स्मरण व्हावें, हें स्वाभाविक आहे. १९३० च्या कायदेभंगाचा इतिहास वाचतांना सोलापूरच्या वांट्यास बहुधा चार ओळी येतात. त्यांत चार हुतात्म्यांचीं नांवें, लष्करी अंमल आणि फांशी एवढें येऊन जातें. ज्या कृत्यापासून ही सारी हकीकत उद्भवली तें मात्र गळतें. ८ मे १९३० रोजीं सोलापूरचे लोक रूपाभवानीच्या बाजूस गेले ते सरकारी कचेरी घेण्यासाठीं नव्हे. ते गेले होते शिंदीचीं झाडें तोडावयास. राजकीय इतिहासकारास हें कारण क्षुल्लक वाटत असावें. आम्हांस तें तसें वाटत नाहीं. एका सबंध शहरानें व्यसनाविरुद्ध एकत्र येण्याचा असा प्रसंग आपल्याकडे क्वचितच घडला आहे, आणि त्या एकीनें काय साधलें व काय राहून गेलें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम त्या झाडाविषयीं. शिंदीच्या झाडास रात्रीं मडकें बांधलें म्हणजे पहांटे जो रस उतरतो तो गोड व निरुपद्रवी असतो. त्यासच नीरा म्हणतात. ऊन चढूं लागलें कीं तो आंबतो, फेंसाळतो, आणि दुपारपर्यंत त्याची शिंदी झालेली असते. म्हणजे एकाच मडक्यांत सकाळीं पथ्य आणि दुपारीं व्यसन! या झाडावर सरकारची नजर पूर्वीपासून होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें रस काढण्याच्या झाडामागें कर बसला, दारू गाळण्याचे व विकण्याचे मक्ते लिलांवांत जाऊं लागले, आणि रयतेच्या पिण्यावर खजिन्याचें उत्पन्न अवलंबून राहिलें. त्यामुळें दारूविरुद्ध बोलणारा मनुष्य आपोआप सरकारच्या उत्पन्नाविरुद्ध बोलणारा ठरे. जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद असतां १८८० सालीं त्यांनीं दारूच्या वाढत्या दुकानांस हरकत घेतली, ती याच मक्तेशाहीच्या भरभराटीच्या काळांत.

पुण्यांतील १९०८ ची चळवळ याहून मोठी होती. सुरतेस काँग्रेस फुटून चार-पांच महिनेच झाले होते. जहाल व मवाळ एकमेकांचें तोंड पाहावयास तयार नव्हते. तथापि दारूच्या दुकानांपुढें स्वयंसेवक उभे राहूं लागले तेव्हां टिळक व गोखले या एका प्रश्नापुरते एकाच बाजूस होते, आणि मद्यपाननिषेधक मंडळींत शेतकी कॉलेजचे इंग्रज प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांच्यासारखे गृहस्थही होते. सरकारनें पहारे बंद पाडले, आणि जूनमध्यें टिळकांना पकडण्यांत आलें. तरीपण जी माणसें दुसऱ्या कशानेंही एकत्र येत नाहींत तीं दारूच्या विरुद्ध एकत्र येऊं शकतात, हें तेव्हां दिसून आलें.

आतां सोलापूर. त्या वेळचें सोलापूर म्हणजे गिरण्यांचें गांव. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णु, नरसिंग गिरजी यांचे भोंगे शहराची झोंप आणि जाग ठरवीत. तेलंगणांतून आलेले पद्मशाली विणकर, लिंगायत व्यापारी, मराठे, मुसलमान, मारवाडी, दलित अशा अठरापगड वस्तीच्या या गांवांत मराठी, कानडी, तेलगू व उर्दू या चारही भाषा कानीं पडत. १९२२ च्या कायद्यानें गिरणीचे तास कमी केले, ते किती? तर आठवड्याचे ६०! दमट हवेंत, उडत्या कापसांत दहा दहा तास उभा राहिलेला मनुष्य संध्याकाळीं घरापूर्वी गुत्त्याकडे वळे, यांत नवल तें काय? पगाराच्या दिवशीं नवऱ्याला गिरणीच्या दारांतच गांठण्याची धडपड ज्या बायकांना करावी लागे, त्यांच्याएवढें दारूचें अर्थशास्त्र कोणत्याही अबकारी अंमलदारास ठाऊक नसेल.

महात्मा गांधींनीं एप्रिल १९३० मध्यें दारूच्या दुकानांवरील निरोधनाचें काम मुख्यतः स्त्रियांवर सोंपविलें होतें; गुजराथेंत ताडाचीं झाडें तोडण्याचा उपक्रमही सुरू झाला होता. मे महिन्याच्या ५ तारखेस त्यांना अटक झाली आणि सोलापूर खवळून उठलें. ८ तारखेस रूपाभवानीच्या भागांत झाडें तोडणाऱ्यांपैकीं कांहींना पोलिसांनीं धरलें. त्यांना सोडा म्हणून जमाव अडून बसला. कलेक्टर नाइट पोलीस घेऊन आले. मल्लप्पा धनशेट्टी लोकांना शांत करण्याची खटपट करीत होते. अशांत गोळी सुटली व शंकर शिवदारे हा तरुण पडला. मग लोकांचा तोल सुटला. मंगळवार पेठेच्या चौकीवर हल्ला झाला, दोन पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत जळली. पोलीस शहर सोडून गेले आणि तीन-चार दिवस सोलापूरचा कारभार सोलापूरकरांनींच पाहिला. १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारला गेला, तो ३० जूनला उठला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना पोलिसांच्या खुनाबद्दल १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी देण्यांत आली. त्यांचा अपराध शाबीत झाला असें त्या वेळीं पुष्कळांना वाटलें नाहीं, आजही वाटत नाहीं. चौघांचे समाज वेगळे, धर्मही एक नव्हे. शहराची एकी किती खोलवर गेली होती याचा यापरता पुरावा तो कोणता?

इतकें लिहिल्यावर एक प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. जीं झाडें त्या दिवशीं पडलीं त्यांची शिंदी रोज पिणारा मनुष्य त्या संध्याकाळीं कोठें होता? झाड तोडणाऱ्यांची हकीकत लिहिली गेली, गोळी घालणाऱ्यांची लिहिली गेली, लष्करी अंमलाचे हुकूम जपून ठेवले गेले. पिणाऱ्याची हकीकत कोणीं लिहिली नाहीं. तो जमावांतही असेल. हातांत कुऱ्हाड घेऊन पहिला घाव घालणारा कदाचित् तोच असेल. परंतु चळवळीच्या हिशेबीं तो कोठें नव्हता. चळवळीचें भांडण झाडाशीं, दुकानाशीं व सरकारशीं होतें. पिणाऱ्याशीं तिचें ना भांडण होतें, ना संभाषण. याबद्दल त्या लोकांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. व्यसन हा रोग आहे ही समजूत त्या काळीं डॉक्टरांतसुद्धां फारशी रुजली नव्हती. अमेरिकेंत अ‍ॅक्रन गांवीं एक दलाल व एक शस्त्रवैद्य, दोघेही पिणारे, एकमेकांच्या सोबतीनें दारूपासून दूर राहण्याचा प्रयोग करूं लागले तो १९३५ सालीं. त्यांतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संस्था निघाली. सोलापूरचीं झाडें पडून तेव्हां पांच वर्षें लोटलीं होतीं.

पुढें सत्ता आपल्या हातीं आली तेव्हांही विचार त्याच रुळावरून गेला. डॉ. गिल्डर मंत्री असतां १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. १९४९ चा कायदा आला आणि १९५० सालीं बंदी प्रांतभर लागू झाली. आतां पिणारा हिशेबांत आला खरा, पण आरोपी म्हणून. गरिबाला पकडून नेत. प्रतिष्ठितास प्रकृतीच्या कारणावरून डॉक्टरचा दाखला व परवाना मिळूं शके, आणि अशा दाखल्यांचा त्या वर्षांत सुकाळ झाला, हें आमच्या वाचकांच्या घरांतील वडील मंडळी सांगूं शकतील. इकडे ओढ्याकांठीं गूळ व नवसागर घालून आंबवलेल्या रसायनाचीं पिंपें पुरलीं जाऊं लागलीं. झाड तोडतां येत होतें. हातभट्टी एका जागीं मोडली तर दुसऱ्या जागीं पेटे. शिंदीनें मनुष्य झिंगे, हातभट्टीनें कधीं कधीं मरे. मुंबईस मालवणी येथें जून २०१५ मध्यें विषारी दारूनें शंभरावर माणसें दगावलीं तीं बहुतेक मजूर होतीं.

येथें आमच्या स्वतःच्या वर्गाविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. दारू हा गिरणगांवचा प्रश्न, अशी पांढरपेशा घरांची समजूत असते. आमच्याच नात्यांत एक विद्वान् गृहस्थ होते. ते लग्नकार्याच्या दिवशीं हटकून ‘आजारी’ असत, आणि घरांतील बायका ‘त्यांना पित्त झालें आहे’ असें इतक्या सराईतपणें सांगत कीं आम्हां मुलांना पित्त हा एक भयंकर रोग वाटे. एके वर्षीं त्यांनीं निश्चयानें एकाएकीं सोडली. तिसऱ्या रात्रीं हातपाय कांपूं लागले, भिंतीवर किडे दिसूं लागले, ते उठून पळूं लागले. घरांत कोणी देवाला नवस बोललें, कोणी मांत्रिक सुचविला. दीर्घकाळ पिणाऱ्यानें अकस्मात् सोडल्यास मेंदूचा तोल जाऊन प्राणावरही बेततें व त्या आठवड्यांत वैद्य जवळ असावा लागतो, हें कळावयास आम्हांस पुढें पुष्कळ वर्षें लागलीं. मनाचा विषाद दारूकडे नेतो आणि दारू तो विषाद वाढविते. यांत पहिलें कोणतें हें पुष्कळदां रोग्यासही सांगतां येत नाहीं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं मद्यविकार जडलेल्यांपैकीं सुमारें ८६ टक्के लोकांपर्यंत उपचार पोंचलेलाच नाहीं. ‘पित्त झालें आहे’ असें सांगणारीं घरें या आंकड्यांत किती असतील?

येरवडा या गांवीं सोलापूरचे चौघे फांशीं गेले. त्याच येरवड्याच्या मनोरुग्णालयांत पन्नासांहून अधिक वर्षांनीं मुक्तांगण या व्यसनमुक्ति केंद्राचा आरंभ झाला. अनिल अवचट यांनीं गर्दच्या व्यसनांत सांपडलेल्या तरुणांवर केलेलें लेखन वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनीं देणगी देऊं केली, आणि त्या रुग्णालयांत काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनीं २९ ऑगस्ट १९८६ पासून तें काम उभें केलें. लेखकाचें लेखन, विनोदकाराचा पैसा, डॉक्टराचें ज्ञान व सरकारी रुग्णालयाची जागा यांचा हा मेळ मोठा विलक्षण होता. पण खरा भागीदार यांपैकीं कोणीच नव्हता. व्यसनांतून बाहेर पडलेलाच मनुष्य तेथें कार्यकर्ता झाला. नव्यानें आलेल्याचे हात कांपत असतां त्याच्या शेजारीं बसणाऱ्याचे हातही एके काळीं असेच कांपलेले असत. त्यामुळें उपदेशाचें कारणच उरत नसे. पत्नींच्या स्वतंत्र बैठका सुरू झाल्या. गिरणीच्या दारांत नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईची हकीकत विचारणारें असें कोणीतरी शेवटीं निघालें.

सोलापुरांत मात्र या गोष्टीचें दुसरें टोंक १९३० नंतर नव्वद वर्षांनीं हातीं आलें. जिल्ह्याच्या ग्रामीण पोलिसांच्या अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनीं २०२१ सालीं ‘ऑपरेशन परिवर्तन’ नांवाचा उपक्रम काढला. शहरालगतच्या मुळेगांव तांड्यावर कित्येक लमाण कुटुंबांचा प्रपंच हातभट्टीवर चाले. पोलिसांनीं यावें, पिंपें फोडावीं, खटले भरावेत आणि आठवड्यानें भट्टी पुन्हां लागावी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा. आतां जिल्ह्यांतील अशीं सुमारें ७० गांवें अधिकाऱ्यांत वांटून देण्यांत आलीं. ज्यानें धाड घालावयाची त्यानेंच जाऊन घरांत बसावें, मुलांच्या शाळेची चौकशी करावी, दुसरा कोणता धंदा जमेल तें विचारावें, असा नियम झाला. कोणास कर्ज, कोणास शिवणकामाचें शिक्षण, कोणास कारखान्यांत नोकरी मिळवून देण्याची खटपट झाली. ज्या खात्यानें १९३० मध्यें शिंदीच्या झाडांचें रक्षण केलें तेंच खातें आतां भट्टी लावणाऱ्याच्या ओट्यावर बसून त्याच्या पोटाचा विचार करूं लागलें!

या उपक्रमाचें पुष्कळ कौतुक झालें व तें योग्यच होतें. पुढें त्या अधीक्षकांची बदली झाली. एका अधिकाऱ्याच्या तळमळीवर उभें राहिलेलें काम त्या अधिकाऱ्यानंतर किती टिकतें, याविषयीं आमची शंका जुनीच आहे. तिचें निरसन तांड्यावरच्या बायकाच करूं शकतील. शिवाय तेथें विचार झाला तो मुख्यतः गाळणाऱ्याचा. येरवड्यास झाला तो पिणाऱ्याचा. महाराष्ट्रांत पुष्कळ गांवच्या स्त्रियांनीं ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असें मतदान घेऊन दुकानें बंद पाडलीं, तेथें विचार झाला तो विकणाऱ्याचा. हीं तिन्ही माणसें राहतात एकाच गांवांत, पुष्कळदां एकाच गल्लींत. त्यांची दखल घेणारीं माणसें मात्र निरनिराळ्या कचेऱ्यांत बसतात व एकमेकांस क्वचितच भेटतात. सोलापूरच्या त्या मे महिन्यांत निरनिराळ्या भाषा बोलणारे लोक एका झाडापाशीं भेटले होते.

मुक्तांगणांतून मनुष्य पांच आठवड्यांनीं घरीं परत जातो. त्या दिवशीं त्याच्या खिशांत गोळ्यांची पुडी व पाठपुराव्याच्या बैठकीचा वार लिहिलेला कागद असतो. एस. टी. स्टँडवर उतरल्यापासून घराच्या दारापर्यंत त्याला किती दुकानें ओलांडावीं लागतात, तें त्याला पाठ असतें. त्या वाटेवर त्याच्याबरोबर चालावयास कोण येणार, हें तेथील कार्यकर्ते त्याला निघण्यापूर्वीं विचारून ठेवतात.