सेना, वन आणि पारनेरची मेंढरं

मंडळी, पाहणं म्हणजे काय, हा विषय आपल्या नगर जिल्ह्यात निघाला की गाडी आधी नेवाशाला जाते आणि तिथून थेट दोरी-सापावर. शके 1212, म्हणजे 1290 साली ज्ञानेश्वरांनी नेवाशाला गीतेवरची टीका सांगितली. तीत दोरीवर भासणारा साप आहे, मृगजळ आहे. मग वक्ते म्हणतात, बघा, जर्मनांचं गेस्टाल्ट मानसशास्त्र आपल्याकडे आधीच होतं!

मला हे पटत नाही. दिवा आणला की दोरीवरचा साप जातो. आता कागदावर एक वर्तुळ काढा आणि त्याभोवती मोठी वर्तुळं काढा. शेजारी तेवढंच दुसरं काढून त्याला लहान वर्तुळांनी वेढा. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या नावानं ही आकृती ओळखतात. पट्टीनं मोजलं तर मधली दोन्ही सारखी भरतात, तरी पहिलं लहानच दिसतं. ज्ञान झालं, पण भास गेला नाही. तेव्हा याला अविद्येच्या खात्यात कसं टाकणार? डोळ्याची रोजची रीतच ती आहे.

आपल्याकडे याच्या जवळची चर्चा झाली ती न्यायसूत्रांत. वाद असा, की झाड ही एक वस्तू आहे की नुसता अणूंचा ढीग? पूर्वपक्ष म्हणतो, लांबून सेना एकच दिसते, वन एकच दिसतं, तसंच झाडाचं. भाष्यकार वात्स्यायन (कामसूत्रवाला नव्हे, हे दरवेळी सांगावं लागतं) म्हणतो, लांबून पळस की खैर हेही कळत नाही. नैयायिकाचं उत्तर फक्कड आहे. सैनिक जवळ गेल्यावर सुटा दिसतो, अणू तर कधीच दिसत नाही. मग न दिसणाऱ्यांचा ढीग दिसेल कसा? म्हणून अवयवांहून वेगळा अवयवी मानायचा.

1912 साली माक्स वेर्टहायमर यांनी फ्रँकफुर्टमधले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दोन रेषा एकामागून एक दाखवायच्या. मधे साधारण 60 मिलिसेकंद गेले की एकच रेषा सरकताना दिसते. पुढच्याच वर्षी मुंबईत फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तिथेही सुट्या चित्रांतून लोकांना हालचालच दिसली. 1923 मध्ये वेर्टहायमर यांनी ठिपके मांडून गट कसे पडतात ते दाखवलं. जवळचे एकत्र, सारखे एकत्र, एकदम सरकणारे एकत्र. पारनेरच्या माळावर धोंड्यांत बसलेली मेंढरं लांबून कळत नाहीत, कळप उठून चालायला लागला की झटकन वेगळा दिसतो. तेच हे.

नैयायिकाला हवं होतं, खरोखर काय आहे. म्हणून सेनेचा दाखला त्यानं पूर्वपक्षाच्या तोंडी घातला, खोडला आणि तो पुढे गेला. पण सेना एक दिसते ती किती लांबून? माणसं किती पांगली की ती सुटी दिसू लागते? हे मोजमाप सूत्रात नाही, भाष्यातही नाही.