गोंदिया ते परळ : एका फायलीचा प्रवास

विदर्भ एक्सप्रेस दुपारी गोंदिया सोडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई गाठते. उपचारासाठी किंवा ठरावीक तपासणीसाठी निघालेल्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत रेल्वे पूर्ण भाडं माफ करते. सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. या नियमात 'तपासणी' आहे म्हणून बरं. लहानपणी कॅन्सरमधून उठलेल्या मुलांच्या 'टाटा'च्या वाऱ्या केमो संपला म्हणून थांबत नाहीत.

ही वारी तशी अलीकडची. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं १९४१ मध्ये. तेव्हा ब्लड कॅन्सर झालेलं मूल वाचतच नसे, मग फॉलोअप कुणाचा घेणार? १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन देऊन काही मुलांचा आजार तात्पुरता मागे रेटला. ते औषध यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं तयार केलं होतं. भारतात १९८४ पासून मुंबई, चेन्नई आणि दिल्लीत 'एमसीपी ८४१' ही उपचारपद्धती राबवली गेली. मुलं जगू लागली, शाळेत परतली, वयात आली.

मग नवा प्रश्न उभा राहिला: त्या उपचारांचे शरीरावर पुढं काय परिणाम होतात? त्यासाठी १९९१ मध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकारानं टाटा मेमोरियलमध्ये 'ॲक्ट' क्लिनिक, म्हणजे उपचार संपलेल्यांची ओपीडी, सुरू झाली.

तिथं पाहतात काय? डॉक्सोरुबिसिन हे नेहमीच्या वापरातलं औषध घ्या. त्याचा एकूण डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅमवर गेला, की हृदय कमजोर होण्याचा धोका बराच वाढतो. कधी ते वीस वर्षांनी, बाळंतपणात कळतं. म्हणून ठरावीक अंतरानं टूडी इको करायचा. डोक्याला रेडिएशन दिलं असेल तर उंची आणि हार्मोन्स तपासायचे. पण डोस किती दिला, हे सांगणार कोण? चार वर्षांच्या पोराला ते आठवत नाही. ते फायलीत असतं, आणि फाईल परळला.

डिजिटल साधनांचं काम नेमकं इथं आहे. अमेरिकेत २००३ मध्ये अशा तपासण्यांची मार्गदर्शक सूत्रं आली. पुढं 'पासपोर्ट फॉर केअर' या प्रणालीत उपचारांची माहिती भरली, की त्या व्यक्तीला लागणाऱ्या तपासण्यांची यादी निघू लागली. भारतात मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाचे नियम आले, २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकशाच्या तरुणानं इको गोंदियात किंवा नागपुरात करावा, अहवाल पाठवावा आणि मुंबईच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलावं, हे आता अशक्य राहिलेलं नाही. इकोचं यंत्र आणि ते हाताळणारा माणूस मात्र जवळपास लागतोच.

अडतं ते जुन्या नोंदींपाशी. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी तिरोड्याहून गेलेल्या मुलीच्या पत्त्यात जिल्हा भंडाराच असणार. मोबाईल नंबरचा तेव्हा प्रश्नच नव्हता. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं, गाव बदललं. ती फाईल स्कॅन करून संगणकात चढवली, तरी आजच्या आभा कार्डावरची, म्हणजे डिजिटल आरोग्य ओळखपत्रावरची, बाई तीच, हे जुना केस नंबर जुळवून कुणीतरी बसून तपासावं लागतं.