पक्षाघातानंतरचे हस्तपुनर्वसन : उपचारकेंद्रापासून घरापर्यंत

प्रस्तावना :
पक्षाघाताने दुर्बळ झालेला हात पुन्हा कामास लावणे हा केवळ वैद्यकीय प्रश्न नसून रुग्णाच्या उपजीविकेचा व स्वावलंबनाचाही प्रश्न आहे. हे उपचार प्रत्यक्ष व्हावेत की दूरस्थ, या वादाचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

स्पर्शाकडून सरावाकडे :
१९७० साली बर्टा बोबाथ व सिग्ने ब्रुन्स्ट्रॉम यांचे अर्धांगवायूवरील ग्रंथ प्रसिद्ध झाले. दोघींच्या पद्धती भिन्न असल्या, तरी उपचारकर्त्याचा हात हेच दोन्हींतील प्रमुख साधन होते. १९७५ मध्ये स्वीडनमधील आक्सेल फूगल-मायर व सहकाऱ्यांनी मापनपद्धती मांडली. तीत हातासाठी कमाल ६६ गुण असतात. पुढे एडवर्ड टॉब यांनी माकडांवरील प्रयोगांतून असे दाखविले की, दुर्बळ अवयव न वापरण्याची सवयच जडते. यावर उपाय म्हणून धडधाकट हात जखडून दुर्बळ हाताकडून कसून सराव करून घेण्याची पद्धत पुढे आली. २००६ मधील २२२ रुग्णांच्या एक्साइट चाचणीने तिला पुष्टी दिली. साहजिकच भर स्पर्शाकडून सरावाकडे सरकला.

दूरस्थ उपचारांची कसोटी :
२०१९ मध्ये अमेरिकेतील ११ केंद्रांवरील १२४ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रत्येकास ७० मिनिटांची ३६ सत्रे देण्यात आली. दूरस्थ गटाची सुधारणा ७.८६ गुण, तर केंद्रातील गटाची ८.३६ गुण होती. म्हणजेच दूरस्थ उपचार कमी प्रतीचे ठरले नाहीत. मात्र दोन्ही गटांत निम्मी सत्रे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली होती, हे विसरता येत नाही.

भारतीय संदर्भ :
२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अटेंड चाचणीत भारतातील १४ केंद्रांवरील १२५० रुग्णांचा समावेश होता. तीत कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन पुनर्वसन त्यांच्याकडे सोपविले गेले. परंतु सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबन यांत घट आढळली नाही. दोन्ही चाचण्यांची उद्दिष्टे व मोजमापे भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करणे योग्य नाही. तथापि घर हे स्थळ म्हणून पुरेसे नसते, एवढा बोध त्यातून निश्चित होतो.

निष्कर्ष :
मार्च २०२० मध्ये भारतात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. त्यामुळे शहरापासून दूर राहणाऱ्या रुग्णास नवी वाट उपलब्ध झाली. परंतु सरावाचे प्रमाण व तज्ज्ञाची नजर या दोन्ही गोष्टी घरापर्यंत पोहोचल्या, तरच ती वाट उपयोगाची ठरेल. अन्यथा अंतर मिटविण्याच्या नावाखाली जबाबदारी कुटुंबावर ढकलली जाण्याचा धोका आहे.