नाताळची सुटी

ब्रह्मदेश बहुसंख्य बौद्धांचा. तरी तेथें नाताळची सार्वजनिक सुटी असते. मुर्री-गोंदियाकडील बौद्ध बांधवांसही २५ डिसेंबर परका नाहीं. मात्र त्याचें कारण निराळें. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांचा, सुटी इंग्रजी अंमलाची. नोकरदार मंडळी तेव्हां मोकळी असल्यामुळें सभा-परिषदा बहुधा त्याच आठवड्यांत भरत. १९२० ची नागपूरची राष्ट्रसभा त्यांतलीच. महाडची सत्याग्रह परिषदही २५ डिसेंबर १९२७ रोजीं भरली आणि त्या रात्रीं मनुस्मृतीचें दहन झालें. येशूजन्माच्या सुटीनें धर्मशास्त्राविरुद्धच्या बंडास सवड द्यावी, हा इतिहासाचा विनोदच! पुढें १९५४ सालीं रंगूनच्या बौद्ध परिषदेहून परतलेल्या डॉ. आंबेडकरांनीं देहूरोड येथें बुद्धमूर्तीची स्थापना केली, तीही २५ डिसेंबरलाच.