गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलातील चहा

१/ राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत कोल्हापुरातील भाऊसिंगजी रोडवर चहाचे एक हॉटेल उघडले. जागा भर रस्त्यावरची होती, पण गिऱ्हाईक फिरकेना. कारण एकच : मालक गंगाराम कांबळे जातीने महार होते. या हॉटेलाला गिऱ्हाईक कसे मिळाले, त्याची ही कथा.

२/ गंगाराम पूर्वी महाराजांच्या पागेत नोकरीस होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा परगावी होते. परतल्यावर गंगारामांनी त्यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. महाराजांनी मारणाऱ्यांना कडक शासन केले.

३/ मात्र महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामांनी दुसऱ्याच्या चाकरीत न राहता स्वतःचा धंदा करावा, यासाठी त्यांनी आर्थिक साह्य दिले. त्यातून ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभे राहिले. जे हात पाण्याला लागले म्हणून फटके बसले, तेच हात आता चहा करून विकणार होते.

४/ अडचण भांडवलापेक्षा खोल होती. जातिव्यवस्थेत शिजवलेले अन्न आणि पाणी यांचा प्रवास एकाच दिशेने चाले : वरून खाली. अस्पृश्याने फोडलेले सरपण सवर्णाच्या चुलीत चाले; त्याच सरपणावर त्याने उकळलेला चहा मात्र चालत नसे.

५/ म्हणजे अस्पृश्यता हा केवळ अपमान नव्हता, ती बाजारपेठेची नाकेबंदीही होती. ब्राह्मण आचाऱ्याच्या खानावळीत कोणत्याही सवर्ण जातीचा माणूस निर्धास्त जेवू शके. महाराच्या हॉटेलाचे दार उघडे असूनही बहुसंख्य समाजाला ते बंदच वाटे.

६/ शाहू महाराजांच्या हाती राजसत्ता होती. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने त्यांनी संस्थानातील ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या होत्या. पण हुकमाने नोकरी देता येते. गिऱ्हाईक आणता येत नाही. अमक्याच्या हातचा चहा प्या, असा कायदा कोण करणार?

७/ तेव्हा महाराज स्वतःच गिऱ्हाईक झाले. फेरफटक्याला निघाले की ते आपली गाडी गंगारामांच्या हॉटेलासमोर उभी करीत आणि चहा मागवीत. स्वतः घेत आणि बरोबरच्या ब्राह्मण-मराठा मंडळींनाही देत. छत्रपतींनी पुढे केलेला कप नाकारण्याची सोय कोणालाच नव्हती.

८/ यात सक्ती होती, हे खरेच. सोबतच्या मंडळींचे मन त्या घोटासरशी पालटले, असे मानण्याचे कारण नाही. पण विटाळाचा नियम लोकांच्या नजरेवर टिकून असतो. भर रस्त्यात, सर्वांदेखत तो मोडला गेला, म्हणजे पुढच्या माणसाला न मोडण्याची सबब उरत नाही.

९/ पुढे अमेरिकेतही असाच प्रसंग घडला. १९५५-५६ मध्ये माँटगोमेरी शहरातील कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसगाड्यांवर बहिष्कार टाकला. जॉर्जिया गिल्मोर ही स्वयंपाकीण आपल्या मैत्रिणींसह खाद्यपदार्थ विकून त्या लढ्यासाठी पैसा उभा करीत होती. न्यायालयात साक्ष दिल्यावर तिची नोकरी गेली.

१०/ मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला घरीच खानावळ काढण्यास सुचवले आणि पैशाचे साह्य केले. पुढे ते व त्यांचे सहकारी तिच्या स्वयंपाकघरात जेवू लागले. भांडवल द्यायचे आणि मग तिथेच पानावर बसायचे : कोल्हापूर आणि माँटगोमेरी यांची रीत एकच.

११/ २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्या अनुच्छेदानुसार जातीच्या कारणावरून कोणालाही दुकानात वा उपाहारगृहात मज्जाव करता येत नाही. दलित गिऱ्हाइकाला त्यामुळे कायद्याचे संरक्षण मिळाले.

१२/ दलित विक्रेत्याचे काय? गिऱ्हाइकाने कोणाच्या दुकानाची पायरी चढावी, हे संविधान ठरवू शकत नाही. २०१७ मध्ये पुण्यात एका स्वयंपाकिणीने आपली जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला, अशी तक्रार पोलिसांकडे गेली. तीव्र निषेधानंतर ती मागे घेण्यात आली. हातचे खाण्याचा प्रश्न शंभर वर्षांनीही संपलेला नव्हता.

१३/ ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले. पुढे कोल्हापुरातील नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारण्यासाठी पुढाकार घेतला, तो गंगाराम कांबळे यांनी. राजाने धंदा उभा करून दिला होता. धंदेवाल्याने राजाची स्मृती उभी केली.

१४/ शाहू महाराजांचे वसतिगृह, आरक्षण आणि राधानगरीचे धरण ही राज्यकर्त्याची कामे होती. गंगारामांच्या हॉटेलातील चहा हे मात्र असे काम आहे, ज्याला राज्य लागत नाही. ते चहाच्या पैशांत होते आणि कोणालाही करता येते.