समुद्राचा तळ आणि खर्जातला आवाज

१/ दुसऱ्या महायुद्धात बुडी मारलेल्या पाणबुडीचा माग प्रामुख्याने आवाजावरून काढला जाई. परंतु उथळ समुद्रात खोली तीच असूनही यंत्रांचा खर्जातला आवाज एके ठिकाणी दूरवर पोहोचे, तर दुसरीकडे लवकरच विरून जाई. याचे उत्तर पाण्यात नव्हे, तळाखाली होते.

२/ अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ मॉरिस युइंग आणि लॅमार वर्झेल यांनी युद्धकाळात उथळ समुद्रात स्फोट घडवून त्यांचे ध्वनी नोंदवले. कमी वारंवारतेची काही कंपने पाण्यातल्या ध्वनीच्या आधीच येऊन पोहोचत. ती तळातून आलेली असत. कारण वाळू आणि खडकात ध्वनीचा वेग पाण्याहून अधिक असतो.

३/ कोलंबिया विद्यापीठातील गणितज्ञ चैम पेकेरिस यांनी याचा सिद्धान्त मांडला. पाण्याच्या थरात एका मर्यादेखालची वारंवारता टिकून राहत नाही. ती तळात झिरपून जाते. ही मर्यादा पाण्याची खोली आणि तळाचा प्रकार ठरवतात.

४/ त्यांच्या सूत्रानुसार, २० मीटर खोल पाण्याखाली सेकंदाला १७०० मीटर ध्वनिवेगाची वाळू असेल, तर ही मर्यादा सुमारे ४० हर्ट्झ येते. ३००० मीटर वेगाचा कठीण थर असेल, तर सुमारे २२ हर्ट्झ. म्हणजे ३० हर्ट्झचा आवाज वाळूवर मरतो, कठीण तळावर मात्र पुढे जातो.

५/ हे संशोधन १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या ग्रंथमालेत. ते योग्यच होते. तळ आवाजाला घडवतो, हे कळताच आवाजावरून तळही वाचता येऊ लागला. युद्धाच्या गरजेतून जन्मलेले हे ज्ञान अखेरीस भूगर्भाच्या अभ्यासाचे साधन ठरले.